संग्रहालयातल्या मातीच्या पणत्या धुवायच्या का, आणि तो 'रोमन' दिवा खरंच रोमन का?

तुमचा प्रश्न बाकीच्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. श्रीवर्धनच्या बाजूला एका छोट्या संग्रहालयात तुम्ही हौसेने मदत करता. तिथे कपाटात मातीचे जुने दिवे आहेत, त्यातला एक बंद तोंडाचा, वर चित्र असलेला, त्याच्यापुढे चिठ्ठी 'रोमन दिवा, चौल बंदर, पहिले शतक', आणि बाकीच्या साध्या उघड्या पणत्या खालच्या खोक्यात पडून. पावसाळा संपला की सगळ्यांवर पांढरी भुकटी येते. कमिटीतले एक काका म्हणतात साबण-ब्रशने घासू, वरून वार्निश मारू आणि दिवाळीच्या प्रदर्शनाला मांडू. आणि जाताजाता तुम्ही विचारलंय की शेजारच्या वाडीत माडाचं आळं खणताना दोन पणत्या निघाल्यात, त्यांचं काय करायचं.

धुवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण आज संध्याकाळी काकांना फोन करून हे एवढं सांगून टाका. वार्निशचं तर नावच नको.

का ते सांगतो. दिव्यावरची काजळी गेली की तो दिवा होता हे दाखवायलाच काही उरत नाही. हे लोकांना विचित्र वाटतं, कारण आपल्याला पणती बघितली की पणती कळते, पण उत्खननात ज्या छोट्या छोट्या मातीच्या वाट्या निघतात ना, त्या ढिगाने निघतात आणि सगळ्या एकसारख्या दिसतात. तीच वाटी मडक्यावरची झाकणी असते, तीच स्वयंपाकघरात मीठ काढून ठेवायची, तीच सोनाराची मूस, तीच पणती. चिमटा काढून चोच केलेली असेल तर सोपं आहे, पण कितीतरी जुन्या दिव्यांना चोचच नसते, नुसत्या गोल वाटीच्या काठावर वात टेकवलेली असायची. मग ओळखायचं कशावरून, तर काठावरच्या त्या एका काळ्या डागावरून. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात ते, आणि काठ नीट फिरवून बघा. वातीची काजळी एका जागी असते, काठाच्या वरच्या बाजूला जास्त, आतून खाली उतरत जाणारी, आणि तिला थोडी जाडी असते, म्हणजे मातीच्या वर बसलेली दिसते. भट्टीत भाजताना पडलेला काळा डाग वेगळा, तो मातीत आत मुरलेला असतो, मोठा, कडा विरत गेलेल्या, आणि कधी बुडाला तर कधी पोटाला, त्याला कसला नियम नाही. मूस असेल तर बाहेरची कातडी वितळून काचेसारखी झालेली असते आणि कुठेतरी तांब्याची हिरवट छटा सापडते. काठावर दोन-तीन ठिकाणी जळल्याच्या खुणा असतील तर एकापेक्षा जास्त वाती लावायचे किंवा दिवा फिरवून फिरवून वापरलाय. आणि काजळी अजिबातच नसेल तर लगेच 'हा दिवा नाही' म्हणू नका, न वापरलेला माल असतो, एखाद्याच दिवशी देवापुढे लावून ठेवून दिलेलाही असतो, पण मग आकारावरून आणि कुठे सापडला त्यावरून बोलायचं, ठाम नाही बोलायचं.

आता काजळीच्या खाली जे आहे ते जास्त महत्त्वाचं. भाजलेली माती सच्छिद्र असते, तेल तिच्यात मुरतं आणि शेकडो वर्षं तिथेच राहतं, अर्थात जसंच्या तसं नाही. हल्ली प्रयोगशाळेत पणतीच्या आतून थोडी भुकटी खरवडून किंवा ड्रिलने काढून, एक-दोन ग्रॅम पुरते, गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री करतात आणि त्यात कुठली फॅटी अ‍ॅसिड्स, म्हणजे तेल ज्यांचं बनतं ते घटक, आहेत ते बघतात. कोकणाच्या बाबतीत हा प्रश्न मला सगळ्यात रसाळ वाटतो. कारण घाटावर तिळाचं किंवा करडईचं तेल म्हणून मोकळं होता येतं, इथे दिव्यात काय काय जळलं असेल बघा: खोबरेल, करंजाचं तेल, उंडीचं कडू तेल, एरंडेल, तीळ, आणि किनाऱ्यावर माशाचं तेल. उंडीचं तेल खायच्या कामाचं नाही, म्हणून ते दिव्याला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात की उंडीच्या दिव्याचा धूर किती आणि वास किती. खोबरेल ओळखायला त्यातल्या त्यात बरं, कारण त्यात लॉरिक अ‍ॅसिड जवळजवळ निम्मं असतं आणि इतकं लॉरिक दुसऱ्या कुठल्या इथल्या दिव्याच्या तेलात नसतं. एरंडेलाचं रिसिनोलेइक अ‍ॅसिडही तसंच, दिसलं की एरंडेल. तिळाचं कठीण, कारण त्यातली जी अनसॅच्युरेटेड अ‍ॅसिड्स असतात ती आधी मोडून जातात आणि मग उरतं ते बऱ्याच तेलांत सारखंच असतं.

आणि इथे काकांचा साबण येतो. साबण म्हणजे तेलाच्या फॅटी अ‍ॅसिडचाच क्षार, आणि पुष्कळ साबणांत खोबरेल किंवा पाम कर्नेलचं तेल असतं. म्हणजे आज पणती साबणाने घासली आणि पुढे कोणी तपासायला पाठवली तर रिपोर्टमध्ये खोबरेल सापडेल, ते आंघोळीच्या वडीतलं. त्यावर कोणीतरी पेपर लिहील की बघा, प्राचीन कोकणात दिव्याला खोबरेल वापरायचे! हसण्यावारी नेऊ नका. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) उत्खननातून आलेले सगळे दिवे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काथ्याने घासलेले मी बघितलेत, लाल चकचकीत, जणू कालच कुंभाराकडून आणलेत. त्या दिव्यांचं तेल आता कोणालाच कळणार नाही.

उघड्या हाताने पणतीच्या आतल्या भागाला हात लावणंही टाळा, आपल्या कातडीवरच्या तेलात स्क्वालीन असतं, ते लगेच नमुन्यात दिसतं. प्लास्टिकच्या पिशव्यांतलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ करायचं रसायन, तेही तसंच. जी पणती पुढे तपासायची शक्यता आहे ती अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात. बाकीच्यांना एवढं सोवळं पाळायची गरज नाही.

आता त्या रोमन दिव्याकडे येतो, कारण मला माहितीये तुम्हाला खरं तेच ऐकायचंय.

भूमध्य समुद्राकडचे दिवे, म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून पुढचे, बहुतेक साच्यात केलेले असतात. वरचा अर्धा वेगळा, खालचा अर्धा वेगळा, दोन साच्यांत माती दाबायची, थोडी सुकली की पातळ चिखलाने एकमेकांना चिकटवायचे. त्यामुळे कडेने सांध्याची रेघ दिसते, कधी पुसलेली असते पण बोट फिरवलं की लागते. वर मध्ये थोडी खोलगट तबकडी, तिच्यावर चित्र, देव, प्राणी, ग्लॅडिएटर, काय वाटेल ते, तेल ओतायला लहानसं भोक, पुढे चोच आणि तिला वातीचं भोक, मागे कधी कान असतो कधी नसतो. पहिल्या शतकात चोचीच्या दोन्ही बाजूंना वळलेल्या वेलीसारखी नक्षी फार चालायची. त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तर इटलीत साधे, बिनचित्राचे कारखान्यातले दिवे निघाले, बुडाला कारखानदाराचं नाव उठावात, त्यात 'फोर्टिस' हे नाव इतकं गाजलं की दुसऱ्यांनी बेधडक त्याच्या नकला केल्या. डुप्लिकेट ब्रँड ही काय आजची गोष्ट नाही.

नकला करायची पद्धत कळली की तपासणं सोपं जातं. नकलाकार काय करायचा, बाजारातून तयार दिवा आणायचा आणि त्याच्यावरूनच साचा घ्यायचा. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे नकल मूळ दिव्यापेक्षा लहान होते आणि चित्र बुजतं, आणि नकलेची नकल आणखी लहान, आणखी बुजलेली. हे प्राचीन काळातही झालं आणि आत्ताच्या पर्यटकांसाठी जे दिवे बनवतात त्यांच्यातही होतं. तेव्हा तुमच्या दिव्यावरचं चित्र गुळगुळीत, चेहऱ्याला नाकडोळे नाहीत असं असेल तर 'झिजलंय, म्हणजे जुनं आहे' असं समजू नका. झीज असती तर उंच भागावर जास्त आणि खोल रेघेत कमी असती, साच्यातला बुजकेपणा सगळीकडे सारखा असतो. चोचीची काजळी ओल्या कापसाच्या बोळ्याने अगदी कोपऱ्यात, एका बिंदूला, हलकेच टिपून बघा, सगळी उचलून आली तर जुना दिसावा म्हणून मेणबत्तीवर धरलेला दिवा असायची शक्यता भरपूर. आणि सांधा दिसला म्हणून रोमन, हेही चुकीचं, दिवाळीला बाजारात येणाऱ्या डिझाइनवाल्या पणत्याही साच्यातल्याच असतात.

पण खरं सांगू का, दिव्यापेक्षा आधी मी तुमची नोंदवही बघेन. आवक रजिस्टर, त्यात त्या नंबरपुढे काय लिहिलंय. 'चौल' हा शब्द तिथे कशाच्या रकान्यात आहे? वस्तू कुठे सापडली या रकान्यात, की वस्तू देणाऱ्याच्या पत्त्यात? मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय की देणारे गृहस्थ चौलचे, पुढे चिठ्ठी लिहिणाऱ्याने गाव उतरवून घेतलं, माणूस गळला, आणि वीस वर्षांनी ती वस्तू चौलच्या बंदरात सापडलेली झाली. आपल्या किनाऱ्यावर हे होणारच. घरटी कोणी ना कोणी बोटीवर होतं, खलाशी, आगवाले, भंडारी (बोटीवरचे स्वयंपाकी), सारंग, ही माणसं एडन, सुएझ, पोर्ट सैद, बसरा करत फिरली आणि त्या बंदरांत जुने दिवे, खरे आणि खोटे दोन्ही, विकायला असायचे. पेटीच्या तळाशी एखादा दिवा येणं अगदी साधी गोष्ट. असा दिवा खरा प्राचीन असू शकतो, पण तो चौलच्या व्यापाराचा पुरावा होत नाही, तो आजोबांच्या नोकरीचा पुरावा होतो. मला विचाराल तर तीही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, संग्रहालयं ती लिहीत नाहीत हे आपलं दुर्दैव.

चौलला रोमन दिवा मिळणं अशक्य आहे का? अशक्य नाही म्हणणार. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शकात सोपारा, कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे आपलं चौल, सगळी नावं ओळीने येतात. पण त्याच पुस्तकात भडोचला काय माल उतरायचा त्याची यादी आहे: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, कच्ची काच, कपडे, सोन्याचांदीची नाणी. मातीचे दिवे त्यात नाहीत, आणि का असतील, इथे गावोगाव कुंभार बसलेला असताना समुद्रापलीकडून पणती कोण मागवणार. आला असलाच तर बोटीवरच्या माणसांच्या वापरातला एखादा. म्हणून असा दिवा थरातून, म्हणजे नीट खणलेल्या जागेतून, नोंदीसकट मिळाला तरच त्याचं वजन.

'रोमन' या शब्दाची भुरळ पडून फसणं हे मोठमोठ्या लोकांचंही झालंय. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रोमन अँफोरा, म्हणजे दारू-तेलाचे ते दोन कानांचे उंच रांजण, त्यांची खापरं म्हणून नोंदवलेली बरीच खापरं नंतर रॉबर्टा टोम्बर यांनी परत तपासली, तर त्यातली पुष्कळशी मेसोपोटेमिया-इराणकडच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली, कान नसलेले, खाली निमुळते, आतून डांबर लावलेले. म्हणजे रोमऐवजी इराणचं आखात, आणि काळही बराच अलीकडचा.

मातीवरून ओळखता येईल का असं तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल. इथे एक गंमत आहे. नेपल्सच्या आसपासच्या, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या भागातल्या मातीत काळी वाळू असते, चमकणारे काळे कण, आणि पुस्तकात वाचून लोक तेच शोधतात. पण आपला सगळा सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हाचा, बेसॉल्टचा, त्यातही ऑजाइट हेच काळं खनिज असतं आणि नद्या ते खाली कोकणात आणून टाकतात. नुसत्या भिंगाने बघणारा माणूस कुंडलिकेच्या काठची माती बघून नेपल्स म्हणेल! खात्री करायची तर खापराचा पातळ काप काढावा लागतो, ०.०३ मिलिमीटर जाडीचा, आणि तो पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात खापरांवर असं काम करणारी मंडळी आहेत. तुमच्या दिव्याला तडा असेल तर तिथला कण पुरतो, अख्खा दिवा कापायला कोणी सांगत नाही.

खोक्यात एखादा हिरवट-निळसर चकाकीचा दिवा आहे का बघा. असेल तर मला तो त्या रोमन दिव्याच्या दसपट आवडेल. मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौललाच, येऊन गेला आणि तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे आणि इथेच जन्मलेले. त्या काळात इराक-इराणकडची फिरोजी झिलईची भांडी या किनाऱ्यावर येत होती. चौललाही तसली खापरं मिळालीत, उत्तरेला गुजरातेतल्या संजाणलाही. आखाताशी आपला व्यापार रोमपेक्षा कितीतरी जास्त काळ चालला, पण चिठ्ठीवर 'रोमन' लिहिलं की लोक थांबून बघतात आणि 'इराकी' लिहिलं की पुढे जातात. झिलईवाल्याला आणखी जपा, जमिनीत राहून झिलईचे पापुद्रे सुटलेले असतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात तिथे, ब्रश लागला की गेले.

साध्या पणत्यांचा काळ कसा ठरवायचा? आकारावरून जवळजवळ नाहीच. चाकावर काढलेली, दोरीने बूड कापलेली, काठाला बोटाने चिमटा घेतलेली पणती सातवाहनांच्या वेळी जशी तशीच पुढे हजार वर्षांनी आणि तशीच परवाच्या दिवाळीला. बुडावर दोरीच्या गोल गोल रेघा असतात त्या फक्त एवढंच सांगतात की चाक फिरत असताना कापली. त्यामुळे पणतीचा काळ पणतीत नसतो, तिच्या शेजारी काय निघालं त्यात असतो: नाणं, चिनी मातीचं खापर, घोटून चकचकीत केलेलं लाल खापर, कोळसा. थर्मोल्युमिनेसन्स म्हणून एक पद्धत आहे, माती शेवटची कधी भाजली ते काढतात, पण त्यात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे दोन हजार वर्षांच्या दिव्याला शे-दोनशे वर्षांचा फरक, आणि ज्या जमिनीत ती होती तिथली मातीही मोजायला लागते. खरं-खोटं ठरवायला ती छान, बारीक काळ ठरवायला नाही. 'शिवकालीन पणती' म्हणून मला महिन्याला फोटो येतात व्हॉट्सअॅपवर, त्यांना आता मी एवढंच विचारतो, शेजारी काय होतं?

आणि म्हणून खोक्यातल्या त्या कळकट पणत्या मला जास्त मोलाच्या. पितळी दिवे लोकांनी जपले, समया, लामणदिवे, पुण्याच्या केळकर संग्रहालयात काय सुंदर सुंदर आहेत बघा. पण ते देवळातले आणि वाड्यातले. मातीची पणती स्वस्त, फुटली की फेकायची, ती कोळ्याच्या, कुळाच्या, भंडाऱ्याच्या घरातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं, पत्र्याची चिमणी आली, आणि पणती हळूहळू तुळशीपाशी आणि दिवाळीपुरती उरली. त्याआधी रात्रीचा उजेड म्हणजे हीच.

बरं, आता पांढरी भुकटी. ती बुरशी नाही, निदान बहुतेक वेळा नाही, ते मीठ आहे. चाखून बघू नका (बघतात लोक). खाडीकाठच्या जमिनीत पडून पडून खापरात क्षार मुरतात, मुख्य म्हणजे आपलं खायचंच मीठ. हवेत दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की हे मीठ ओलावा ओढून विरघळतं, खाली आला की परत स्फटिक बनतं, आणि स्फटिक बनताना छिद्रात जागा मागतं आणि माती फोडतं. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपली हवा ८५-९० ला असते, मग थंडीत कोरडी, म्हणजे वर्षाला एक मोठा फेरा. त्यात कोणी दिवसा एसी लावून रात्री बंद करत असेल तर रोज एक फेरा! तेव्हा एसी किंवा डीह्युमिडिफायर लावायचा तर चोवीस तास, नाहीतर लावूच नका, त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवलेली पणती सुखी असते. जेल गुलाबी किंवा हिरवी झाली की तव्यावर गरम करून परत वापरता येते, हे काम कोणाच्या तरी अंगावर नावानिशी टाका, नाहीतर होत नाही.

भुकटी मऊ, कोरड्या ब्रशने, लहान मुलांच्या रंगाच्या ब्रशने, बाहेरून झटका, काठाच्या काळ्या डागाला सोडून. तिथेच थांबा. मीठ मुळापासून काढायचं तर डीमिनरलाइज्ड पाण्यात बुडवून पाणी बदलत राहतात आणि पाण्यातला क्षार मोजत राहतात, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाणी दुधट होतंय का बघतात. वाचायला सोपं आहे, पण कोकणातल्या कमी भाजलेल्या पणत्या, ६००-७०० अंशाच्या आतबाहेर भाजलेल्या, पाण्यात टाकल्या की काही वेळा चिखल होतो. शिवाय तेलाचा नमुना आधी काढून घ्यायला हवा. हे काम प्रशिक्षित माणसाचं, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, त्यांना फोटो पाठवून विचारा.

वार्निश का नको ते आता कळलंच असेल: मीठ आत अडकतं, बाहेर यायला वाट मिळत नाही, मग वार्निशसकट वरचा पापुद्रा घेऊन येतं. फुटलेली पणती जोडायची तर अ‍ॅराल्डाइट आणि फेविक्विक दोन्ही नकोत, पुढे सोडवता येत नाहीत, संवर्धनवाले पॅरालॉइड बी-७२ वापरतात, ते अ‍ॅसिटोनने परत निघतं. प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं की वर आणखी सल्फेटचे क्षार फुकट. नंबर पेनाने थेट मातीवर लिहू नका. आणि एक गोष्ट जी कोणीच बघत नाही, ते लाकडी कपाट. नव्या लाकडातून, प्लायवूडमधून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची वाफ निघत राहते आणि ती खापरातल्या क्षाराशी मिळून वेगळेच स्फटिक तयार करते. देणगीदाराचं नाव कोरलेलं सागवानी कपाट असेल तर ते बदला म्हणायची हिंमत कोणाला नसते, कळतं मला, मग निदान पणत्या आत पॉलिथिन फोमवर आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतील तर आधी ते काढा.

प्रदर्शनाला मात्र मांडा, जरूर मांडा. काजळीसकट, बाजूला भिंग ठेवून, काळा डाग लोकांना दाखवा. आणि त्या बंद दिव्याची चिठ्ठी नोंदवही बघेपर्यंत अशी करा: 'मातीचा दिवा, दोन भागांच्या साच्यात केलेला, भूमध्य समुद्राकडच्या धाटणीचा. चौल येथील गृहस्थांकडून भेट.' अर्थात नोंदवहीत भेट असेल तर. दिवाळीला काजळीवाल्या पणत्यांत तेल घालून लावायची कल्पना कोणी काढेल, काढतंच, त्याला कुंभाराकडच्या नव्या द्या.

माडाच्या आळ्यातल्या दोन पणत्यांचं: आधी खणणं थांबवायला सांगा, आळं दोन हात पलीकडे गेलं तर माडाला काही होत नाही. पणत्यांतली माती काढू नका, ती आतली मातीच पुढे उपयोगी येते. कुठे, किती खोल, शेजारी कोळसा, खापर, हाड, चिरा काय होतं, त्याच जागेवर उभं राहून मोबाइलने फोटो काढा, बाजूला पट्टी किंवा काही नाही तर काडेपेटी ठेवून. घरवाले घाबरतील की सरकार जमीन घेईल, दोन पणत्यांसाठी कोणी जमीन घेत नाही. पण जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर कलेक्टरला द्यायची असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, हो, दहाच रुपये, आणि तो अजून लागू आहे. शंभर वर्षांच्या वरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हे १९७२ च्या कायद्यात, म्हणजे दुबईच्या भाच्याला भेट द्यायची असेल तर ते मनातून काढा. अर्ज तहसीलदार कार्यालयातून वर जातो. एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाला टाका, रत्नागिरीला थिबा राजवाड्यात त्यांचं प्रादेशिक संग्रहालय आहे, तिथे नेऊन दिली तरी पुढे पोचते. अर्जात घरवाल्याचं नाव सापडवणारा म्हणून स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.